कॅमेऱ्यांतील चित्रें संगणकांत उतरत नाहींत तेव्हां

घरांत मुंज असो, बारसें असो कीं वडील माणसाचें सहस्रचंद्रदर्शन असो, फोटोग्राफरास आगाऊ वर्दी देऊन बोलवावें आणि सर्व मंडळींनीं त्याच्यापुढें श्वास रोखून बसावें, हे दिवस आतां राहिले नाहींत. घरच्याच कोणाच्या तरी हातीं डिजिटल कॅमेरा असतो आणि एका दिवसांत तीनशें-चारशें चित्रें सहज निघतात. परंतु चित्र निघालें म्हणजे तें आपल्या पदरीं पडलें असें मात्र नव्हे. पूर्वीं कांच किंवा फिल्म निदान हातांत धरून उजेडापुढें पाहतां येई. आतां ती सारी ठेव टपालाच्या तिकिटाएवढ्या एका कार्डावर असते, आणि तेथून ती संगणकांत उतरवून घेईपर्यंत तिचा पुरता भरंवसा धरतां येत नाहीं.

ज्या घरीं संगणक लिनक्स-प्रणालीवर चालतो तेथें हें उतरविण्याचें काम कधीं कधीं अडतें. अशीं घरें आतां विरळा नाहींत. फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते व जुन्या यंत्रावरहि चांगली चालते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज-१० या प्रणालीची नेहमींची देखभाल तिच्या कर्त्यांनीं थांबविली. आठ-दहा वर्षांपूर्वींचे पुष्कळसे धडधाकट संगणक विंडोज-११च्या अटींत बसत नाहींत. तेव्हां चालतें यंत्र भंगारांत घालण्यापेक्षां त्यावर लिनक्स बसविणें हा विचार कोणाही काटकसरी गृहस्थास पटण्यासारखाच आहे. मात्र एखाद्या समारंभानंतर कॅमेरा जोडला व पडद्यावर कांहींच उमटलें नाहीं, म्हणजे सगळें घर त्या यंत्राभोंवतीं गोळा होतें, प्रत्येक जण एकेक कळ दाबून पाहतो, आणि मूळच्या लहानशा अडचणीची मोठी होऊन बसते. दोष कोठें आहे हें क्रमाक्रमानें ओळखण्याची रीत समजली तर हा गोंधळ टळतो. ती रीत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला नियम

सर्वांआधीं एक पथ्य. चित्रें संगणकांत आलीं आहेत आणि तीं उघडून पाहिलीं आहेत अशी खात्री होईपर्यंत कार्डावरील कांहींही पुसूं नये. कॅमेऱ्यानें किंवा संगणकानें ‘कार्ड फॉर्मॅट करावयाचें काय?’ असें विचारल्यास ‘नाहीं’ म्हणावें. अडचण सुटेपर्यंत त्या कार्डावर नवीं चित्रेंही घेऊं नयेत. एवढें पथ्य पाळलें तर बाकीच्या साऱ्या चुका दुरुस्त होण्यासारख्या असतात.

कॅमेऱ्याच्या दोन भाषा

कॅमेरा यू. एस्. बी.च्या तारेनें संगणकास जोडला असतां तो दोहोंपैकीं एका भाषेंत बोलतो. पहिल्या रीतींत तो स्वतःला एक साधी तबकडी म्हणून पुढें करतो, आणि मग संगणकाला त्यांतील फाइली पेन-ड्राइव्हप्रमाणें दिसूं लागतात. दुसऱ्या रीतींत तो आपलें कार्ड संगणकाच्या स्वाधीन करीत नाहीं. ‘अमुक क्रमांकाचें चित्र द्या’ अशी मागणी आली म्हणजे तें तेवढें काढून देतो. या दुसऱ्या भाषेस पी. टी. पी. म्हणतात. आय. एस्. ओ. या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेच्या यादींत तिचा क्रमांक १५७४० आहे. अँड्रॉइड फोन जी एम्. टी. पी. भाषा बोलतात ती हिचीच विस्तारलेली आवृत्ति होय.

पहिली भाषा लिनक्सला उपजतच येते. दुसरी बोलण्यासाठीं ‘लिबजीफोटो-२’ नांवाचा एक दुभाषी त्यांत असतो. अडीच हजारांहून अधिक प्रकारचे कॅमेरे त्याच्या ओळखीचे आहेत. शॉटवेल, डिजिकॅम यांसारखे चित्रें उतरवून घेणारे प्रोग्राम पडद्याआडून याच दुभाष्याचें साह्य घेतात. म्हणून एका प्रोग्रामांत अडलेलें काम दुसऱ्यांतही तसेंच अडलें तर आश्चर्य मानूं नये, आणि प्रोग्रामामागून प्रोग्राम बदलीतही बसूं नये. कित्येक कॅमेऱ्यांच्या यादींत ‘यू. एस्. बी. जोडणी’ असें एक कलम असतें व त्यांत या दोन रीतींपैकीं एक निवडतां येते. एक चालेना तर दुसरी लावून पाहावी; पुष्कळांची अडचण एवढ्यानेंच दूर होते. फोनच्या बाबतींत मात्र तार लावल्यावर त्याचें कुलूप उघडून पडद्यावरील सूचनेंत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावें लागतें. न निवडल्यास तो नुसती वीज घेत राहतो व संगणकास आपलें पोट दाखवीत नाहीं.

तार कीं प्रणाली?

कांहींच दिसेना तर प्रथम साध्या गोष्टी पाहाव्या. कॅमेरा चालू आहे काय? त्याची बॅटरी भरलेली आहे काय? कांहीं कॅमेरे चित्र घेण्याच्या स्थितींत असतां जोडणी नाकारतात. त्यांस चित्रें पाहण्याच्या स्थितींत ठेवावें. त्यानंतर तार. बाजारांत मिळणाऱ्या स्वस्त तारांपैकीं कांहींत केवळ वीज वाहणारे दोन तंतू असतात, माहिती वाहणारे नसतातच. अशा तारेनें कॅमेरा भारित होईल, परंतु एकही चित्र येणार नाहीं. शिवाय तार मधल्या एखाद्या जोडपट्टींत न लावतां थेट संगणकाच्या खांचेंत लावावी.

येथपर्यंत करून भागलें नाहीं तर संगणकालाच विचारावें. टर्मिनल उघडून एल्, एस्, यू, एस्, बी हीं रोमन लिपींतील पांच लहान अक्षरें सलग लिहावीं व एंटर दाबावें. यू. एस्. बी.वर जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी उमटते. ही आज्ञा कॅमेरा जोडण्यापूर्वीं एकदां व जोडल्यावर एकदां द्यावी, आणि दोन्ही याद्या ताडून पाहाव्या. दुसऱ्या यादींत एकही ओळ वाढली नसेल तर दोष तारेचा, खांचेचा किंवा कॅमेऱ्याचा आहे. लिनक्सला बोल लावण्यांत अर्थ नाहीं व प्रोग्राम नव्यानें बसविण्यांत तर मुळींच नाहीं. ओळ वाढली असेल तर तार निर्दोष ठरली. मग ‘जीफोटो-२’ हा लहानसा प्रोग्राम बसवून त्यास ‘ऑटो-डिटेक्ट’ची आज्ञा द्यावी, ज्या कॅमेऱ्याशीं त्याची ओळख पटते त्याचें नांव तो छापून दाखवितो. पहिल्या यादींत कॅमेरा आहे आणि येथें मात्र नाहीं, असें झाल्यास बहुधा कॅमेरा दुभाष्याच्या आवृत्तीपेक्षां नवा असतो. प्रणाली अद्ययावत् करावी. तोंवर कार्ड बाहेर काढण्याचा मार्ग, जो पुढें सांगितला आहे, तो मोकळाच आहे.

न्हाणीघर एक, माणसें अनेक

आतां ज्या अडचणीची तक्रार सर्वांत अधिक ऐकूं येते तिच्याकडे वळूं. कॅमेरा दिसतो, त्याचें नांवही उमटतें, परंतु चित्रें मागितलीं कीं ‘यू. एस्. बी. उपकरणावर ताबा मिळवितां आला नाहीं’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो आणि शेवटीं उणे ५३ हा आंकडा असतो. नवशिक्यास वाटतें कीं कॅमेरा बिघडला. खरें पाहतां बिघडलेलें कांहींच नसतें.

मोठ्या कुटुंबांत सकाळच्या वेळीं न्हाणीघर एक असतें व माणसें चौदा. आंत एक जण गेला व त्यानें कडी लावली, कीं बाकीच्यांनीं बाहेर पंचा घेऊन उभें राहावयाचें. पी. टी. पी. बोलणाऱ्या कॅमेऱ्याचेंही तसेंच आहे. एका वेळीं एकाच प्रोग्रामाशीं तो बोलूं शकतो. ग्नोमसारख्या डेस्कटॉपवर कॅमेरा जोडतांच, आपण न सांगतां, पार्श्वभागीं चालणारा एक सेवक पुढें होऊन त्याचा ताबा घेतो, म्हणजे फाइलींच्या खिडकींत कॅमेऱ्याचें चिन्ह दिसावें. मग आपण शॉटवेल किंवा जीफोटो उघडतों व त्याला दार बंद आढळतें.

उपाय सोपा आहे. तार न काढतां फाइलींच्या खिडकीच्या डाव्या बाजूस कॅमेऱ्याच्या नांवापुढें जें वर तोंड केलेल्या त्रिकोणाचें चिन्ह असतें, तें दाबावें. पहिला सेवक ताबा सोडतो. लगेच आपला प्रोग्राम उघडावा. दोन चित्रप्रोग्राम एकदम उघडे ठेवूं नयेत.

एकत्र कुटुंबांत याच जातीची आणखी एक गोष्ट घडते. एकाच संगणकावर सासूबाईंचें, सूनबाईंचें व मुलांचें अशीं निरनिराळीं खातीं असतात. एकीनें आपलें खातें बंद न करतां नुसता पडदा बदलून दुसरीस जागा दिली, तर पहिलीचे सेवक मागें जागेच राहतात. लिनक्स कॅमेरा वापरण्याची परवानगी ज्याचें खातें पडद्यावर असेल त्याला देतो. यास्तव चित्रें उतरवावयाच्या वेळीं इतरांनीं आपल्या खात्यांतून पुरतें बाहेर पडलेलें बरें. परवानगीचा खटका उडतो म्हणून कित्येक जण सर्वाधिकारी ‘रूट’च्या नांवानें काम चालवितात. तसें करूं नये. त्या नांवानें उतरविलेलीं चित्रें त्याच्याच मालकीचीं होतात, आणि नंतर घरच्या माणसाला त्यांत फेरबदल करतांना अडचण येते.

मालकीचा आणखी एक परिणाम लक्षांत ठेवावा. उबुंटूमध्यें २०२१ सालच्या एप्रिलच्या आवृत्तीपासून नव्या बसविलेल्या यंत्रावर एका खात्याची खोली दुसऱ्या खात्यास उघडतां येत नाहीं. सूनबाईंनीं उतरविलेली मुंजीचीं चित्रें सासूबाईंच्या खात्यांत दिसलीं नाहींत म्हणून तीं हरवलीं असें समजूं नये. सर्वांनीं पाहावयाच्या चित्रांकरितां एक सामायिक जागा करून तिचा अधिकार घरांतील सर्व खात्यांस द्यावा, म्हणजे संशयास व शब्दास जागा राहत नाहीं.

कार्ड काढून घेण्याचा मार्ग

तारेचा नाद सोडून कार्डच बाहेर काढावें व कार्ड-वाचकांत घालावें, हा मार्ग आम्हांस सर्वांत सरळ वाटतो. यांत कॅमेऱ्याच्या भाषेचा प्रश्न उरत नाहीं, ताब्याचा तंटा उरत नाहीं, आणि कॅमेऱ्याची बॅटरीही खर्चीं पडत नाहीं. एस्. डी. कार्डाच्या कडेस एक चिमुकली कडी असते. वाचकांत घालण्यापूर्वीं ती कुलुपाच्या बाजूस सरकवावी. मग कार्डावरून वाचतां येतें, पण पुसतां येत नाहीं. काम झाल्यावर ती पूर्ववत् करावी, नाहीं तर पुढच्या समारंभांत कॅमेरा चित्र घेण्यास नकार देईल.

कार्ड घातलें तरी उघडत नाहीं, याचें एक कारण त्याच्या मांडणींत असतें. ३२ जी. बी.पर्यंतचीं कार्डें सहसा फॅट-३२ या मांडणीचीं असतात. त्याहून मोठीं एक्स्-फॅट मांडणीचीं असतात. एक्स्-फॅट वाचण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यांत प्रथम २०१९ सालीं, ५·४ या आवृत्तींत आली व २०२० सालच्या ५·७ या आवृत्तींत ती नव्या रूपानें पक्की झाली. त्यापूर्वींची प्रणाली असेल तर एक्स्-फॅटचा वेगळा जोडप्रोग्राम बसवावा लागतो. जुने कार्ड-वाचकही मोठ्या कार्डांस कित्येकदां ओळखीत नाहींत. तेथें नवा वाचक आणावा.

कार्ड उघडल्यावर त्यांत ‘डीसीआयएम्’ नांवाची थैली दिसेल, व तिच्या पोटांत शंभरापासून पुढील क्रमांकांच्या थैल्या असतील. चित्रें तेथें असतात. तथापि केवळ तेवढीच थैली न घेतां संपूर्ण कार्डाची नक्कल करून घ्यावी. कारण पुढें येईल.

नांवांचा घोटाळा

कॅमेरा आपल्या चित्रांस चार आंकडी क्रमांक देतो. ०००१ पासून ९९९९ पर्यंत गेल्यावर तो पुन्हां पहिल्यावर येतो. घरांत एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असले तर दोहोंतही एकाच नांवाचीं चित्रें सांपडणार. तीं एकाच थैलींत उतरवूं लागल्यास ‘या नांवाची फाइल आहे, तिच्या जागीं ही ठेवूं काय?’ असा प्रश्न येतो. घाईंत ‘होय’ म्हटलें कीं गेल्या वर्षीचें चित्र गेलें. म्हणून प्रत्येक प्रसंगाची व प्रत्येक कॅमेऱ्याची थैली निराळी करावी. तिच्या नांवांत आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस व शेवटीं प्रसंग लिहावा, म्हणजे थैल्या आपोआप कालक्रमानें लागतात. लिनक्समध्यें हीं नांवें देवनागरींतही खुशाल देतां येतात.

लिनक्सची एक खोड मात्र ठाऊक असावी. तिला रोमन लिपींतील मोठें व लहान अक्षर निरनिराळें वाटतें. कॅमेरे बहुधा नांवाचें जेपीजी हें शेपूट मोठ्या अक्षरांत लिहितात. लहान अक्षरांत लिहून शोध करणाऱ्या आज्ञेस तीं चित्रें सांपडतच नाहींत.

घड्याळाची चूक

‘उतरलेलीं चित्रें दिसत नाहींत’ या तक्रारीचें मूळ कित्येकदां घड्याळांत निघतें. प्रत्येक चित्राबरोबर कॅमेरा तारीख व वेळ नोंदवितो आणि चित्रप्रोग्राम त्या नोंदीप्रमाणें त्याची जागा ठरवितो. बॅटरी फार दिवस काढून ठेवली कीं घड्याळ कारखान्यांतील पहिल्या तारखेवर जातें, व आजचीं चित्रें कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या जानेवारींत जाऊन बसतात. तीं तेथें शोधावीं.

परदेशांतून आलेल्या आप्तांच्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. न्यूयॉर्ककडील चिरंजीव माघांतल्या मुंजीस आले व त्यांनीं घड्याळ बदललें नाहीं, तर तें हिंवाळ्यांत आपल्याहून साडेदहा तास मागें असतें. सकाळीं साडेदहाच्या मुहूर्ताचीं चित्रें मध्यरात्रीं बारा वाजतां घेतल्याचें दिसेल, आणि संध्याकाळच्या भिक्षावळीचीं चित्रें सकाळच्या मातृभोजनाच्या आधीं येऊन बसतील. ‘एक्झिफटूल’ या विनामूल्य प्रोग्रामानें सर्व चित्रांची वेळ एकदम सारख्या अंतरानें पुढें सरकवितां येते. हा फरक मूळ चित्रांवर न करतां नकलेवर करावा.

सर्व उतरलें काय?

पट्टी शेवटास पोंचली म्हणजे काम झालें असें मानण्याची संवय असते. आमच्या परिचयाच्या एका घरीं आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन झालें. दुसऱ्या दिवशीं नातवानें कार्डांतील डीसीआयएम्‌ची थैली संगणकांत उतरविली; चित्रें सुरेख आलीं होतीं, आणि मुलगा कार्ड मोकळें करण्यास निघाला होता. तेवढ्यांत त्याच्या काकूंनीं विचारलें, ‘आजोबांनीं आशीर्वाद दिला तें बोलणारें चित्र कोठें आहे?’ शोधलें तों तें थैलींत नव्हतें. कांहीं कॅमेरे चलच्चित्रें एव्हीसीएचडी पद्धतीनें घेतात व तीं ‘प्रायव्हेट’ नांवाच्या निराळ्या थैलींत, तीन पायऱ्या आंत ठेवतात. तीं तेथें सांपडलीं. पुढें चार महिन्यांनीं आजोबा वारले. त्यांचा आवाज त्या घरीं आज आहे तो काकूंच्या एका प्रश्नामुळें आहे.

यास्तव चित्रें उतरल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या व एकंदर आकार ताडून पाहावा. आरंभींचीं, मधलीं व शेवटचीं कांहीं चित्रें प्रत्यक्ष उघडावीं, चलच्चित्रें चालवून ऐकावीं. नंतर दुसऱ्या तबकडीवर आणखी एक नक्कल करावी व ती शक्यतों निराळ्या घरीं ठेवावी. एवढें झालें म्हणजे मग कार्ड मोकळें करावें, आणि तेंही संगणकांत न करतां कॅमेऱ्यांतील फॉर्मॅटच्या सोयीनें. संगणकांतून चित्रें पुसलीं तर लिनक्स तीं कार्डावरच एका दडलेल्या कचरापेटींत ठेवतो. मग कार्ड रिकामें दिसतें, परंतु कॅमेरा ‘जागा नाहीं’ म्हणतो. असें झालें असल्यास कार्ड आंत असतांनाच संगणकाची कचरापेटी रिकामी करावी. कार्ड बाहेर काढतांनाही आधीं त्रिकोणाचें चिन्ह दाबावें व निरोप मिळाल्यावरच हात लावावा.

चुकून पुसलें गेलें तर

एवढें करूनही कोणाच्या हातून चित्रें पुसलीं गेलीं, तर त्या माणसावर रागावण्यापूर्वीं कार्ड कॅमेऱ्यांतून काढून घ्यावें. पुसतांना बहुधा चित्राची नोंद तेवढी जाते. चित्र, त्याच्या जागेवर दुसरें लिहिलें जाईपर्यंत, तसेंच असतें. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचा ‘फोटोरेक’ हा विनामूल्य प्रोग्राम कार्ड टोंकापासून टोंकापर्यंत चाळून अशीं चित्रें वेंचून काढतो. त्यांचीं मूळ नांवें परत येत नाहींत, व सर्वच चित्रें येतील अशी हमी नसते. सांपडलेलीं चित्रें त्याच कार्डावर मात्र कधींही ठेवूं नयेत, संगणकांत ठेवावीं.

वरील सर्व कृतींत फारशी विद्या लागत नाहीं. लागतो तो क्रम व थोडा धीर. ज्या घरीं दागिन्यांची यादी, मुलांच्या जन्मटिपणांची वही व जमिनीचे कागद कोणा एकाच्या देखरेखीखालीं असतात, त्या घरीं चित्रांचेंही काम एका व्यक्तीकडे सोंपवावें. मग ती कॉलेजांत जाणारी मुलगी असो, कीं सेवानिवृत्त आजोबा असोत. समारंभाच्या आदल्या दिवशीं त्यांनीं घड्याळ पाहावें, कार्डाची कडी पाहावी, तार लावून दोन चित्रें उतरवून पाहावीं. पाहुणे गेल्यानंतर, दमलेल्या घरांत, रात्रीं अकरा वाजतां हे प्रयोग करण्यापेक्षां तें किती तरी बरें.